भागीरथीची सव्वा मूठ

गाण्याचा अर्थ विचारणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो. ज्यांना खरंच कळत नाही म्हणून विचारतात, त्यांचा नाही. ज्यांना चांगलं कळलेलं असतं आणि तरीही गाणाऱ्याच्या तोंडून सोयीचं काही वदवून घ्यायचं असतं, त्यांचा. आमचे छगनबाबा त्यातले. आणि त्यांना जन्मात एकदाच जी पुरून उरली ती माझी जाऊ, भागीरथी.

मी शोभा. माझा नवरा लखन आणि भागीरथीचा नवरा सखाराम हे चुलत भाऊ. गाव अमळनेरच्या बाजूचं, पण संसार सगळा सुरतेत, लिंबायतमध्ये, एका गल्लीत समोरासमोरच्या खोल्यांत. आमच्या भाऊबंदांतून सुरतेला पहिले आले ते छगनबाबा, आमचे चुलत सासरे. ते एका लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, मुकादम झाले, मग गावाकडून एकेकाला आणून त्यांनी मागावर उभं केलं. आमच्या ताटातली भाकरी त्यांच्या ओळखीची होती, हे खरंच. पण ही गोष्ट ते स्वतः विसरत नसत आणि आम्हालाही विसरू देत नसत.

भागीरथी त्याच खात्यात बॉबीन भरायची. उंच, सावळी, पुढच्या दोन दातांत फट, आणि हात असे की धरलेलं काही निसटायचं नाही. ती गाणी करायची. लिहायची नाही, करायची. शेकडो माग एकदम चालू असले की शेजारच्याची हाकसुद्धा ऐकू येत नाही. बाकीच्या बायांचं त्यात डोकं उठायचं, हिला ते बरं वाटायचं. "इथं कितीबी मोठ्यानं गा, कुनी आयकत नही," ती म्हणायची. आठ-दहा तास ती त्या खडखडाटात गळा मोकळा सोडून गायची आणि संध्याकाळी घरी आली की पाणी भरता भरता मला पक्कं झालेलं गाणं ऐकवायची. तिची गाणी मला सगळी पाठ आहेत. तिला स्वतःला नाहीत, कारण ती पुढचं करण्यात गुंतलेली असायची.

आता ज्या गाण्यावरून सगळं झालं, ते कळायला आधी कानबाईचा रोट कळायला हवा. श्रावणात नागपंचमी झाली की खान्देशी माणूस घरात कानबाई देवी बसवतो. सुरतेत आला म्हणून काही सोडत नाही, उलट जास्तच वाजतगाजत करतो. आमच्या कुळाची कानबाई छगनबाबांच्या घरी बसे. तिच्या नैवेद्याच्या पुरणपोळ्या, म्हणजे रोट, ज्या गव्हाच्या करायच्या, ते गहू कुळातला मोठा माणूस सगळ्यांसमोर सुपात घालतो. प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. कडेवरचं पोर असलं तरी पुरुष म्हणून त्याची मूठ पडते. बाईची पडत नाही. ते गहू निवडते बाई, जात्यावर दळते बाई, पुरण शिजवते बाई, डोळ्यांत धूर तिच्या, आणि मूठ मात्र तिच्या नावाची नाही.

आणखी एक नियम. सुपात पडलेली मूठ परत निघत नाही. ती कानबाईची झाली. एका वर्षी छगनबाबांचा घोटाळा झाला आणि माझ्या लखनच्या नावाने त्यांनी दोनदा मूठ टाकली. सगळे ओरडले, पण पडली ती पडली. तेव्हापासून गल्लीत माझ्या नवऱ्याचं नाव 'दोन मुठींचा लखन'. त्या वर्षी मला घासभर देऊन उरलेले दोन माणसांचे रोट त्याला खावे लागले, कारण रोट उरवायचा नसतो आणि कुळाबाहेर द्यायचाही नसतो. तो तीन दिवस ओवा खात होता. मला दया आली नाही.

त्याच वर्षी जात्यावर बसल्या बसल्या भागीरथीने गाणं उचललं. खुंटा माझ्या आणि तिच्या हातात होता, समोर लखनची जास्तीची मूठ दळली जात होती, आणि ती गायला लागली:

जातं फिरस गरगर, पीठ पडस भरभर,
सव्वा मूठ यानी, सव्वा मूठ त्यानी,
मनी मूठ कोठे गई वं माय?

याची सव्वा मूठ, त्याची सव्वा मूठ, माझी मूठ कुठे गेली गं आई. बस, एवढंच ध्रुपद. जात्याभोवती बसलेल्या बायकांपैकी एकीनेही अर्थ विचारला नाही. सगळ्या लगेच मागून म्हणायला लागल्या.

गाणं तिथेच राहतं तर काही झालं नसतं. पण गल्लीच्या तोंडाला निंबा राहायचा. दिवसा मागावर, आणि लग्नसराईत त्याची बँजो पार्टी. बँजो म्हणजे तो पेटीवजा, बटणांचा. निंबाने त्याला वायर जोडून भोंग्यातून असा काढला होता की तीन गल्ल्या पलीकडच्या म्हातारीने कानात बोळे घालावेत. त्याला हे गाणं मिळालं. त्याने त्याची चाल उडती केली, मागे ढोलक टाकली आणि रेल्वेखालच्या गरनाळ्याजवळच्या भूपेंद्रभाईच्या कॅसेटच्या दुकानात, मागच्या खोलीत, भागीरथीला उभी करून रेकॉर्ड केलं. आमचे लोक तोवर सिनेमातलीच गाणी विकत घ्यायचे. आपल्या बोलीतलं, आपल्या गल्लीतल्या बाईचं गाणं कॅसेटवर ऐकून त्यांना वेड लागलं. दिवाळीपर्यंत लिंबायतच्या रिक्षांमध्ये ते वाजायला लागलं.

भूपेंद्रभाई पक्का गुजराती. त्याला अहिराणीचं अक्षर कळत नव्हतं. कव्हर छापायचं म्हणून त्याने विचारलं, "बेन, आ गीतनो अर्थ शुं छे?"

"गानं शे," भागीरथी म्हणाली. गाणं आहे, एवढंच.

त्याने कव्हरवर एका देवीचं चित्र छापून खाली भक्तिगीत असं लिहून टाकलं.

मग अर्थ लावणाऱ्यांचं पीकच आलं. भजनी मंडळाचे बुवा म्हणाले, मूठ म्हणजे देह, जातं म्हणजे काळ, ही बाई पोहोचलेली आहे. त्यांनी तिला नमस्कार करायला हात जोडले तेव्हा ती धुणं पिळत होती, तिने पिळा तसाच धरून त्यांच्याकडे बघितलं. निवडणुकीला उभा राहिलेला एक जण आला आणि म्हणाला, मूठ म्हणजे या शहरातला आपल्या मराठी माणसाचा वाटा, रिक्षावर भोंगा लावून वाजवतो, परवानगी द्या. तिने दिली नाही. शेजारच्या खोलीत मालतीबाई राहायच्या, यवतमाळकडच्या, बांधकामावर जायच्या. त्यांना दोन भाऊ आणि दोघांनी मिळून बहिणीचा वाटा गिळलेला. त्या गाणं ऐकून पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अवं, हे तं माहेरच्या वावराचं गानं हाय." भागीरथी त्यांच्याजवळ जाऊन बसली. मालतीबाईंचा अर्थ तिने खोडला नाही. कुणाचाच खोडला नाही.

निंबा एकटा शहाणा. "अर्थ गया उडत," तो म्हणायचा, "चाल दख ना."

आणि खात्यातले कामगार. त्यांना वाटलं, हे पगाराचं गाणं. पगाराच्या दिवशी मुकादमासमोर रांग लागली की मागून कुणीतरी हळूच सुरू करायचं, मनी मूठ कोठे गई वं माय, आणि रांगभर हसू पसरायचं. छगनबाबा मान वर करेपर्यंत सगळे गप्प. असं हिवाळाभर चाललं. मग एकदा नेमका सेठ तिथे उभा होता. त्याने छगनबाबांना विचारलं, ही माणसं काय गातात? आणि आमच्या छगनबाबांवर, ज्यांनी आयुष्यभर सेठसमोर मान वर केली नव्हती, स्वतःच्या सुनेच्या गाण्याचं भाषांतर करायची पाळी आली. त्यांनी काय सांगितलं देव जाणे. पण सेठ हसला म्हणतात, आणि ते हसणं त्यांच्या काळजात रुतून बसलं.

आषाढातल्या एका रविवारी सकाळी ते सखारामच्या खोलीवर आले. मी तिथेच होते. आम्ही दोघींनी पदर पुढे ओढले आणि चुलीच्या बाजूला सरकलो. आमच्यात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. बोलायचं ते नवऱ्याला सांगायचं, सासरा ऐकतोच आहे हे माहीत असून. तीन माणसं हाताच्या अंतरावर बसलेली आणि निरोप फिरून जातो, असा तो प्रकार.

छगनबाबा खाटेवर बसले, चहा प्याले आणि सखारामला म्हणाले, "तुनी बायकोले विचार, त्या गानाना अर्थ काय शे."

सखारामने बायकोकडे बघितलं. सखाराम म्हणजे गरीब गाय. आठ माग सांभाळणारा माणूस, पण घरात कप फुटला तरी आधी स्वतःच माफी मागणारा.

भागीरथी म्हणाली, "त्यास्ले सांगा, गानं शे."

"माले उल्लू नको बनाडू," छगनबाबा म्हणाले. त्यांचा आवाज वर गेला नाही, हे जास्त वाईट होतं. "कानबाईना गहू मोजाना दिन सगळा भाऊबंदसमोर तिनी सांगानं, हाई गानं मना वर नही. देववर शे, सासूवर शे, काय बी सांग. नही सांगं तर तुनी मूठ सुपमा पडाव नही."

म्हणजे सखारामची मूठ पडणार नाही. ज्याची मूठ नाही त्याला रोट नाही, आणि ज्याला रोट नाही तो कुळात नाही. गावाकडे असतं तर एखाद्याने म्हटलं असतं, गेले उडत. सुरतेत तसं म्हणता येत नव्हतं. प्लेगच्या वर्षी गल्लीच्या गल्ल्या रिकाम्या झाल्या, तेव्हा आम्हाला एका ट्रकमध्ये घालून गावी नेलं ते भाऊबंदांनीच. खोली, काम, दवाखाना, उद्या हर्षदाचं लग्न, परवा कुणाचं मयत, सगळं त्यांच्याच जोरावर. हर्षदा ही सखाराम-भागीरथीची एकुलती एक मुलगी. मुलगा नाही, म्हणून त्या घरची मूठ एकच. छगनबाबांच्या घरच्या पाच मुलांच्या पाच.

ते गेल्यावर सखाराम पहिल्यांदा बायकोसमोर रडकुंडीला आलेला मी पाहिला. "सांगी टाक ना," तो म्हणाला. "देववर शे म्हन. तुनं काय जास?"

तिने चहाचे कप उचलून मोरीत नेले. दुसऱ्या दिवशी नळावर मीही तेच विचारलं, कारण मला भीती वाटत होती. उद्या माझ्या लखनलाही बाहेर काढतील, अशी. तेव्हा तिने घागर खाली ठेवली आणि मला जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही.

"शोभा, खोटं सांगितलं तर गाणं मेलं. खरं सांगितलं तर ती विनंती झाली. विनंतीला 'नाही' म्हणता येतं. बाबा 'नाही' म्हणतील, पान खातील, झोपतील. गाण्याला 'नाही' कसं म्हणणार? आता बघ, वर्ष होत आलं, त्यांना झोप नाही."

मी म्हटलं, "आक्का, झोप तुमचीपण जाईल."

"गेलीच आहे," ती म्हणाली आणि घागर कमरेवर घेतली.

गल्लीत दोन तट पडले. बायका तिच्या बाजूने, पण घरात गप्प. पुरुष छगनबाबांच्या बाजूने, पण रिक्षात बसले की तेच गाणं लावणारे. लखनने मला ताकीद दिली, तू यात पडायचं नाही. मी म्हटलं, तुम्ही दोन मुठी खाऊन बसलात, तुम्हाला काय बोलायचं. त्या रात्री तो बाहेर वडापाव खाऊन आला.

नागपंचमी झाली आणि गहू मोजायचा दिवस आला. छगनबाबांच्या ओसरीत सगळं कुळ जमलं. मधे घोंगडीवर नवं सूप, शेजारी गव्हाचं पोतं तोंड उघडून ठेवलेलं. पुरुष पुढे, बायका भिंतीकडे पदर घेऊन. छगनबाबांनी आंघोळ करून कपाळाला गंध लावलं होतं. त्यांनी एकेक नाव घेत मुठी टाकायला सुरुवात केली. आधी स्वतःची, मग पाच मुलांच्या, मग भाऊबंदांच्या. लखनची या वेळी एकदाच पडली, मी नीट बघितलं. निंबा आमच्या कुळातला नव्हता, पण तो दाराबाहेर पायरीवर येऊन बसला होता.

सखारामचं नाव आलं तेव्हा छगनबाबांचा हात थांबला.

"भागीरथी," ते म्हणाले. सुनेला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. सगळ्यांनी माना वर केल्या. "पुढे ये."

ती आली. पदर कपाळापर्यंत, नजर सुपावर.

इथे छगनबाबांची चूक झाली. त्यांना वाटलं, नुसतं विचारलं तर ही बाई पुन्हा 'गानं शे' म्हणून मोकळी होईल, म्हणून शपथेत अडकवावी. आमच्यात कानबाईचे गहू हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही. त्यांनी पोत्यात हात घातला, गहू काढले आणि तिच्या ओंजळीत घातले.

"कानबाईना गहू हातमा शे," ते म्हणाले. "आते सांग. गानाना अर्थ काय शे?"

सखाराम माझ्यापासून चार हातांवर उभा होता, त्याचे ओठ हलत होते. तो मनातल्या मनात 'देववर शे, देववर शे' म्हणत असावा. भागीरथी हातातल्या गव्हांकडे बघत राहिली. मग तिने ओंजळीतले गहू सावकाश उजव्या हातात घेतले आणि मूठ आवळली. मूठ भरली होती, पण सव्वा नव्हती. ती वाकली, डाव्या हाताने पोत्यातून चिमूटभर गहू उचलले, त्यात घातले. आणि मूठ सुपावर नेऊन उघडली.

गहू पडल्याचा आवाज तो केवढासा. पण तिथल्या प्रत्येक माणसाला तो ऐकू गेला.

"त्यास्ले सांगा," ती सखारामला म्हणाली, "सांगी दिधा अर्थ."

छगनबाबांचा हात आपसूक सुपाकडे गेला. आणि अर्ध्यावर अडकला. सुपात पडलेली मूठ परत निघत नाही, हे वर्षापूर्वी लखनच्या वेळी भर ओसरीत त्यांनीच ठणकावून सांगितलं होतं. आणि कोणते गहू तिचे आणि कोणते त्यांच्या पाच मुलांचे, हे आता कानबाईलासुद्धा वेगळं करता आलं नसतं. त्यांनी हात मागे घेतला, धोतराला पुसला आणि पुढचं नाव घेतलं. सखारामची मूठ टाकली नाही. एवढा एक शब्द त्यांनी पाळला.

त्या गव्हांचं पीठ भागीरथीनेच दळलं. खुंट्याला मी होते, आणि आणखी इतक्या जणी होत्या की हात ठेवायला जागा नव्हती. गाणं कुणी म्हटलं नाही. गरज वाटली नाही.

रविवारी कानबाई बसली. गल्लीत मांडव, निंबाचा बँजो, गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीचा वास. नैवेद्य झाल्यावर रोटाची पंगत मांडली. आमच्याकडे घरोघरच्या पुरुषाचं नाव घेऊन त्याला पाटावर बोलावतात आणि त्या घरच्या मुठींचा रोट त्याच्या ताटात घालतात. त्यातून तो बायको-पोरांना देतो. छगनबाबा ओळीने नावं घेत गेले. एकेक जण येऊन बसला. शेवटी एक पाट रिकामा राहिला आणि एका मुठीचा रोट टोपलीत राहिला. तो कुणाला तरी द्यायलाच हवा होता. उरवता येत नाही, कुळाबाहेर जात नाही, टाकला तर कानबाई कोपते. सखारामच्या नावाने देता येत नव्हता, कारण सखारामची मूठ त्यांनी स्वतःच पडू दिली नव्हती.

सगळी पंगत ताटावर हात धरून थांबली होती. छगनबाबा म्हातारे दिसले मला त्या क्षणी. खोटं कशाला बोलू, आनंद झाला.

"भागीरथी," ते म्हणाले, सुपापाशी घेतलं होतं तेच नाव, पण आवाज निराळा.

ती चुलीपाशी होती. हात धुतले, पदराला पुसले, आली आणि पुरुषांच्या ओळीत त्या पाटावर मांडी घालून बसली. आमच्या कुळाच्या रोटाच्या पंगतीत त्याआधी बाई कधी बसली नव्हती. तिने पोळी मोडली. आधी हर्षदाला दिली, मग मागे अवघडून उभ्या असलेल्या सखारामला बोलावून त्याच्या हातावर ठेवली. सखारामने ती कपाळाला लावली आणि खाल्ली. पुढे पुष्कळ वर्षं लोक त्याला चिडवत, बायकोच्या मुठीचं खाल्लंस म्हणून. तो म्हणायचा, चांगली होती.

मी वाढत होते. तिच्या ताटात तूप सोडायला वाकले, तेव्हा ती मान वर न करता हळूच म्हणाली, "शोभा, पुढच्या वर्षी तू हात धुऊन पुढे उभी राहा."

मी राहिले.